अर्ध्या तासाचं गाव

“यात टोकियो हाये, पॅरिस हाये. मंग आपलं गाव काऊन नाही?” सुधाकररावांनी घड्याळ उलटंसुलटं करून परत दिलं.

व्यंकटरावांना ते चांगलंच झोंबलं. साऱ्या जगाची वेळ दाखवणारी अशी चार घड्याळं त्यांनी हौसेनं जमवली होती. तबकडीवर नाजूक मीनाकाम, निळ्या समुद्रात हिरवे देश, कडेनं चोवीस शहरांची नावं. पण नावं तासातासाच्या अंतरानं, आणि आपली वेळ पडते अर्ध्या तासावर. त्यामुळे कराचीनंतर थेट ढाका. मधला अख्खा भारत गायब!

त्यात बोलणारे कोण, तर लेकीचे, पूर्णिमाचे सासरे. व्यंकटराव आदिलाबादेत कापसाच्या जिनिंगचे मालक, पण शेवटी मुलीचे बाप. आठ वर्षं मानाची खुर्ची व्याह्यांच्या बेल्लमपल्लीला, पहिलं ताट बेल्लमपल्लीला, आणि हे आपले हात जोडून उभे. एकदा तरी आपलं गाव वरचढ ठरावं, एवढीच त्यांची तळमळ होती.

जिनिव्हातली एक कंपनी आपल्या मागणीप्रमाणे तबकडी रंगवून देते, हे कळताच त्यांनी गाडी काढली आणि थेट व्याह्यांचं घर गाठलं. सुधाकररावांनी कोळसा खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली होती. व्यंकटरावांचं इंग्रजी सहीपुरतंही नव्हतं. पत्र लिहायला आदिलाबादेत माणसं काही कमी नव्हती म्हणा. पण आपल्या गावाचं नाव व्याह्यांच्याच हातून लिहून घेण्यात जी मजा होती, ती त्यांना सोडवेना.

“लिवा. कराची अन् ढाक्याच्या मधात आमचं गाव पायजे. सोनेरी अक्षरात.”

“लिवलं.” सुधाकररावांनी आज एकही टोमणा मारला नाही. “अजून?”

“नावात चूक नको, व्याहीबुवा. रंग एकदा भट्टीत भाजला का मंग मिटत नाही म्हणते.”

सुधाकररावांची बोटं थांबली. “अजिबात मिटत नाही?”

“शंभर वर्षं नाही!”

“मंग दोनदा लिवतो.”

व्यंकटरावांनी तेलुगूत झोकदार सही ठोकली. घरी येऊन बायकोला, सरोजिनीबाईंना म्हणाले, “आमी उगाच नावं ठेवत होतो. माणूस दिलाचा साफ हाये.”

चौदा महिन्यांनी घड्याळ आलं. व्यंकटरावांनी मार्केट यार्डातले झाडून सारे व्यापारी जेवायला बोलावले. सुधाकररावांना मधल्या खुर्चीवर बसवून शाल घातली, आणि ती आठ वर्षांत पहिल्यांदाच मनापासून घातली.

“आजपासून जिनिव्हावालाबी आपलं गाव पाहूनच टाइम सांगल!” त्यांनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधाकररावांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

अक्षरं मुंगीएवढी होती. व्यंकटरावांनी भिंग आणि घड्याळ लेकीच्या हातात दिलं. पूर्णिमानं तबकडीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, मग वडिलांकडे.

“काऊन थांबली, बेटा? मोठ्यानं वाच!”

पूर्णिमानं भिंग परत तबकडीवर धरलं. “कराची,” ती म्हणाली, “बेल्लमपल्ली, ढाका.”