चादरीवरचा पुरावा

साहेबांनी टेबलावर पांढरी चादर पसरली, तेव्हा वनरक्षक बाईला ती ओळखूच येईना. चादर तिच्याच घरची, कोपऱ्याला ठिगळ लावलेली. पण काल पाइनच्या झाडाखालून तिने ती उचलून कचेरीत आणून ठेवली, तेव्हा चादरीवर अळीच्या लेंड्या होत्या मोजून अकरा. आज काळ्या दाण्यांचा नुसता खच!

शेंड्यावर पाइनची सुईसारखी पानं कुरतडणारी अळी खालून दिसत नाही. लेंड्या तेवढ्या पडतात. त्या मोजायच्या, म्हणजे वर किती तोंडं चरताहेत ते कळतं. एकोणीस वर्षं बाई हेच करत होती. दरसाल पतंग अंडी घालायचे, अळ्या पोटापुरतं खायच्या, टेकडी हिरवीच राहायची.

"बघताय ना सर? रान गेलं आपलं," साहेब मुख्य कचेरीतून आलेल्या मोठ्या साहेबांना म्हणाले. "अख्खी टेकडी तोडायलाच हवी. बाई, पंचनाम्यावर सही करा."

"अरे बापरे," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड हजार झाडं, एका सहीत! तिने चिमूटभर दाणे उचलले, चुरडले, हुंगले. मग तिला हसूच फुटलं. मेल्याला लेंडी कशी असते तेसुद्धा ठाऊक नाही!

"करते की सही," ती म्हणाली. "आधी चहा टाकते. लांबून आलेत मोठे साहेब."

कोपऱ्यातल्या शेगडीवर तिने पाणी ठेवलं, चादरीवरचे मूठभर दाणे उचलले आणि दोघांच्या देखत पातेल्यात टाकले.

साहेब धावतच शेगडीपाशी आले. "अहो, पुरावा आहे तो!"

"मूठभरच घेतला. ढीगभर उरलाय अजून."

"बाई, नोकरी जाईल हं," ते दातओठ खात कुजबुजले.

"जाऊ दे. सरका, उकळी आलीय."

पाणी लालभडक झालं. खोलीभर वास सुटला. मोठ्या साहेबांनी चष्मा चढवला, चादरीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

बाईने चहा गाळला. पंचनाम्यावरचं पेन उचलून टोपण लावलं आणि त्याच जागी भरलेला कप ठेवला.

"प्या साहेब," ती म्हणाली. "लेंड्यांची चव लागली, तर लगेच सही करते."