वॉक आऊट

"वॉक आऊट म्हणजे तडकाफडकी निघून जाणं," फळ्यावर लिहीत इंग्रजीची टीचर म्हणाली. "शशिकलाकाकू, करा बघू वाक्य."

काकू पदर सावरत उठल्या. "माय डॉटर-इन-लॉ वॉक्ड आऊट," त्या बोलून गेल्या आणि चपापल्या. पण महिला मंडळाच्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या. सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, असं काकूंनीच तर सगळ्यांना सांगितलं होतं.

"छान! आता बिकॉज लावा. का गेली सून?"

काकूंच्या डोळ्यांपुढे ते ताट आलं. मुलाला तव्यावरची गरम पोळी वाढून सुनेच्या पानात त्यांनी नेहमीसारखी कालची शिळी टाकली होती. पाचवा महिना होता तिला. तिनं ताट बाजूला सरकवलं, हात धुतला, चपला पायात सरकवल्या आणि गेली. काकूंनी हाकसुद्धा मारली नाही. उलट ती पोळी उचलून पुन्हा डब्यात ठेवली.

आता त्या मान खाली घालून नुसत्याच उभ्या होत्या. इंग्रजी शब्द सुचत नसतील असं वाटून टीचर मायेनं म्हणाली, "अडलं तर मराठीत सांगा ना, काकू."

मराठीत तर त्यांनी ते अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.