दोर बांधायची जागा

काशीराम ओट्यावर बसून काथ्याचा दोर तपासत होता. वीत वीत पुढे सरकवायचा, अंगठ्याने दाबायचा, कुठे पीळ सुटलाय का बघायचं. शेजारी बशीतला चहा निवत होता.

"आज कुठं, बाबा?" मैनाने वेणी घालता घालता विचारलं.

"पूर्णगडला. बर्फाच्या कारखान्याचं छप्पर गळतंय." मग तो हसला. "तुज्याच कारखान्याचं."

मैनाचा हात वेणीत थांबला.

कारखाना तिचा नव्हता. रत्नागिरीत एका इंजिनियर साहेबांच्या ऑफिसात ती नकाशे गिरवायची. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघा मारायच्या, एवढंच तिचं काम. पण काशीरामने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं, पूर्णगडचा कारखाना आमच्या मैनानं काढला.

ते छप्पर गिरवताना गेल्या वर्षी ती एकदा थांबली होती. सिमेंटचे पत्रे, मधे मधे उजेडासाठी प्लास्टिकचे. दोन्ही माणसाच्या भाराने फुटणारे. वर जायला शिडी नाही, चालायला फळी नाही, दोर अडकवायला एक कडी नाही. कौलं परतणाऱ्याची मुलगी होती ती. छप्पर दिसलं की पाय कुठे ठेवायचा हे आधी बघायची. साहेबांना विचारावं असं तिच्या मनात आलं. साहेब त्या वेळी कारखान्याच्या मालकाला सांगत होते, "छप्पर कसं स्वच्छ दिसेल बघा. वर एक वाकडी वस्तू नाही." तिने पेनात शाई भरली आणि पुढची रेघ ओढली.

"उजेडाचे पत्रे जपा," ती आता म्हणाली. "त्यांच्यावर पाय नका देऊ."

"ओळखायचे कसे? एका पावसात शेवाळ धरलंय म्हणे, सगळे काळेच." काशीरामने चहा ओठाला लावला. "पण माजा पाय आंधळा नाय, गो. खिळ्यांच्या ओळीवरनं चालायचं. खाली लोखंड असतंच."

मैनाने त्याच्या पायांकडे पाहिलं. टाचा भेगाळलेल्या, बोटं फाकलेली. पंचवीस वर्षं हे पाय कौलांखालचा वासा चाचपत आले होते. पत्र्याखाली तसे जवळ जवळ वासे नसतात.

"बाय, एक सांग," तो दोराचं वेटोळं करत म्हणाला. "वर दोर बांधायला काय हाय का? तुज्या नकाशात?"

त्याने सहज विचारलं. नकाशाचा तो कागद तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उलगडला होता. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. मग तू बोलली का नाहीस?

"असेल," ती म्हणाली.

"काढणारी तू, नि असेल?"

"सकाळी सकाळी पोरीला कशाला छळताय?" आतून तिची आई गोदा म्हणाली. "गाडी चुकली की मग माज्यावर ओरडाल."

काशीराम उठला. भाकरीचं फडकं हातात, दोर खांद्यावर. तो अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेला तशी मैना धावत अंगणात आली.

"बाबा!"

तो वळला. दोराचं टोक त्याच्या पाठीवर हलत होतं.

"काय?"

"काय नाय. जपून."

"बरं, इंजिनियरबाई," तो म्हणाला आणि गडग्याआड दिसेनासा झाला.

त्या दिवशी ऑफिसात फोन चारदा वाजला. तीनदा साहेब नेहमीसारखे बोलले. प्रत्येक वेळी मैनाची रेघ चुकली आणि तिने ती ब्लेडने खरवडून पुन्हा काढली. चौथ्या वेळी साडेतीन वाजले होते. साहेब फक्त ऐकत राहिले. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिने पेनाला टोपण लावलं.

तेरावं झाल्यावर ती कामावर आली.

"आणखी थोडे दिवस घरी राहिलीस तरी चाललं असतं," साहेब म्हणाले. ते मनापासून म्हणाले. तिने मान हलवली आणि टेबलाशी बसली.

समोर देवरूखच्या एका गोदामाचा नकाशा होता. सिमेंटचे पत्रे, मधे मधे उजेडाचे. तिने वरचा कागद ताणून बसवला, एक एक पत्रा गिरवत गेली. तिसऱ्या उजेडाच्या पत्र्यावर पेन थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला तरी तिने ते उचललं नाही. मग ती उठली आणि कागद घेऊन साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, यावर चढलेल्या माणसाने दोर कुठे बांधायचा?"

साहेबांनी चष्मा काढला. "ते ठेकेदार बघतो, मैना. आपण नकाशात नाही दाखवत ते."

"ठेकेदाराने नाही बघितलं."

"मला कळतंय तुला काय वाटतंय ते."

"दोर बाबांच्या खांद्यावरच होता," ती म्हणाली. तिने कागद साहेबांसमोर ठेवला. "वेटोळं तसंच. सोडलासुद्धा नव्हता. निघताना त्यांनी मला विचारलं होतं, वर बांधायला काही आहे का."

साहेबांनी चष्मा कागदावर ठेवला.

"मी ‘असेल’ म्हटलं. मला माहीत होतं, साहेब. नव्हतं."