बोळातला गुद्दा

“कॅसेट दे, मारेद आंटी. चहा नको.”

“ओतून झालाय. आणि बूट काढ. टीव्हीवर दिसतोस म्हणून माझा गालिचा खराब करायचा नसतो.”

ग्विलिम प्रॉबर्टने बूट काढले. कार्डिफच्या स्टुडिओत त्याने आजवर तीन प्रशिक्षक, दोन रेफरी आणि एका माजी मंत्र्याला तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. वेल्सच्या खोऱ्यातल्या कुम हेलिग गावी, या चढावरच्या घरात मात्र तो मोज्यांवर उभा होता, आणि डाव्या मोज्याला भोक होतं.

साडेतीन वाजले होते. चारला नेरिस, त्याच्या कार्यक्रमाची निर्माती, कॅसेट न्यायला येणार होती. मारेदचा नवरा एमलिन गावच्या फुटबॉल क्लबचे, म्हणजे ग्विलच्या जुन्या संघाचे, सामने चित्रित करायचा. तो गेल्यावर माळा आवरताना तिला ती सापडली आणि तिने थेट टीव्ही कंपनीला फोन केला.

“मला का नाही केलास?”

“तुझा नंबर कुठाय माझ्याकडे? एमलिनला पोचवायला आला असतास, तर घेतला असता.”

ग्विलने दातओठ खाल्ले. या बाईला स्टुडिओत बसवलं असतं तर त्याची सुट्टी झाली असती.

मध्यंतराला खेळाडू ज्या अरुंद बोळातून आत जातात, तो बोळ त्या कॅसेटवर होता. एकोणतीस वर्षांपूर्वी तिथेच ग्विलने डेरेक स्टॅनफर्थ या इंग्लिश बचावपटूचं नाक फोडलं. रेफरी पोचला तेव्हा डेरेक जमिनीवर होता आणि ग्विलचे हात कोपरापर्यंत लाल. आठ सामन्यांची बंदी आली. ग्विलने अपीलही केलं नाही. खोऱ्यात अर्ध्या लोकांचं आडनाव प्रॉबर्ट, त्यामुळे टोपणनावाशिवाय पत्र पोचत नाही. तो ‘ग्विल गुद्दा’ झाला. मग आत्मचरित्र आलं, मग स्टुडिओतली खुर्ची. कोणी ना कोणी विचारायचंच, आणि तो म्हणायचा, “आईवरून बोलला. मी एकच ठेवून दिला. आजही देईन.”

“मी बघितली,” मारेद म्हणाली. “दोनदा.”

“मग कळलं असेल.”

“कळलं. तो तुझ्या आईवरून काही बोललेला नाही, ग्विल.”

ग्विल खुर्चीत बसला. “सोमवारी करार आहे, आंटी. तीन वर्षांचा. हे दिसलं तर संपलो मी.”

“एमलिनला ठाऊक होतं ते. डब्यावर लिहून ठेवलंय त्याने. ‘दाखवू नये. पोराचं नाव जाईल.’”

“मग तू कशाला दाखवतेस?”

“माझी नात मुलींच्या संघात खेळते. मागच्या शनिवारी एकीचे दोन दात पाडले तिने. विचारलं तर म्हणते, ग्विल गुद्दासारखं.”

“तिला कानाखाली दे! माझं आयुष्य कशाला? आणि डेरेकने कधी तोंड उघडलं? त्याला चालतंय, मग तुला काय खुपतंय?”

“त्यालाही सांगायची लाज वाटत असेल.”

“देव्हाऱ्यात ठेवायची का ती कॅसेट? दे म्हणतो ना!”

“ओरडू नकोस, हा स्टुडिओ नाही.” तिने केक पुढे सरकवला. “माझ्यासमोर एकदा बघ. मग ने, जाळ, काय वाटेल ते कर. त्या बाईला सांगेन, सापडत नाही.”

“लाव. लवकर लाव.”

यंत्र गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं. पावणेचार झाले. ग्विलने उठून पुढच्या दाराला कडी घातली. टीव्हीवर मुंग्या आल्या, मग बोळ आला.

“हाच का तो?” मागून कोणीतरी म्हणालं.

नेरिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेजारणीने तिला मागून पाठवलं होतं. कुम हेलिगमध्ये पुढचं दार फक्त शवपेटीसाठी उघडतात. ग्विल यंत्राकडे झेपावला, पण मारेद आधीच त्याच्यासमोर उभी होती.

पडद्यावर डेरेक स्टॅनफर्थ एकटाच चालत होता. ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि नाक लोखंडी कठड्यावर आपटलं. दहा पावलं मागून ग्विल धावत आला, अंगातला शर्ट काढून त्याने त्या नाकाखाली धरला, डेरेकचं डोकं मांडीवर घेतलं आणि रक्त बघून ढसाढसा रडू लागला.