नाव साखरेचं

"त्या गोळ्या आत जाऊन घे गं, तुझी नणंद येतेय," सासूबाई पुटपुटल्या. "विचारलंच तर साखरेच्या आहेत म्हणून सांग."

साखर तिला होतीच. टीबी त्यामागून आला, पण तो शब्द घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. गोळ्या गिळून ती मुकाट्याने शिलाई मशीनवर येऊन बसली.

नणंद आली ती ढगळ झालेले ब्लाउज घेऊनच. "सगळे आत घे गं वहिनी, अंगावर राहीनात. त्यात हा खोकला, रोज संध्याकाळची कणकण. मी तर धसकाच घेतला होता. पण आई म्हणाली, वहिनीसुद्धा साखरेनंच अशी वाळली होती. माझीही साखर जुनीच. म्हटलं, मग कशाला उगाच डॉक्टर?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी नजरेनं त्यांनी सुनेला दटावलंच.

तिने मशीन थांबवलं.

 

"आई, आता रागवा, नाहीतर घराबाहेर काढा. ताई, मला साखरेनं नाही, टीबीनं वाळवलं होतं. साखर असली की तो लवकर गाठतो. चला, घाला चपला, आधी तुमची तपासणी!"