बशीतली धडधड

सांगून कुणाला पटायचं नाही, पण मुलगा जाऊन वर्ष झालं तरी त्याचं काळीज धडधडताना मी आज या डोळ्यांनी पाहिलं. आजारपणात त्यानं प्रयोगशाळेला कातडीचा इवलासा तुकडा दिला होता. तिथल्या बाईंनी त्या पेशींमधली काही जनुकं झोपवली, काही जागी केली आणि त्यांच्या चक्क हृदयाच्या पेशी केल्या. काचेच्या बशीत धडधडत होत्या.

घरी येऊन त्याच्या आईला सगळं सांगितलं. वर सवयीनं थोडं तिखटमीठ लावलं, "मी वाकून म्हटलं, बाळा, आई हाक मारतेय. तर लगेच दुप्पट वेगानं धडधडायला लागल्या."



"खोटं बोलताय," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या एका हाकेत कधी आलाय तो?"