लख्ख

ऑफिसला निघालेली सून दारातून परत फिरली. "आई, आज तेवढी शेगडी घासाल का? पण अगदी लख्ख हं. तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही."

एवढं गोड ती एरवी बोलत नसे. सासूने मान डोलावली आणि दार लागताच बाह्या वर सारल्या.

शेगडीकडे खरंच बघवत नव्हतं. तिन्ही बर्नरभोवती काळी कडी धरली होती. मोठ्या बर्नरपाशी दूध उतू गेलं होतं, त्यावर भाजीचा रस सांडला होता, त्यावर पुन्हा दूध. दर वेळी आच लागून सगळं पत्र्याला घट्ट धरून बसलं होतं. सांडायचं ते बहुतेक सुनेच्याच हातून. सकाळच्या घाईत एका हाताने केस विंचरायचे, दुसऱ्याने पातेल्यात ढवळायचं, मग दुसरं काय होणार? पण सासूने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. या घरात राहायचं तर जीभ आवरायची, हे तिने स्वतःला केव्हाच बजावलं होतं.

तिने मागचा कॉक बंद केला. जाळ्या आणि बर्नर कढत पाण्यात टाकले. खायचा सोडा पाण्यात कालवून डागांवर थापला, वर ओलं फडकं अंथरलं आणि स्टूल ओढून वाट बघत बसली. सुरी लावायची तिची हिंमत नव्हती. ओरखडे उठले असते. डाग फुगल्यावर तिने मुलाचं मुदत संपलेलं प्लॅस्टिकचं कार्ड घेतलं आणि कडेकडेने सरकवत गेली. पोपडे सुटू लागले. खालचा पत्रा दिसला तेव्हा तिला नवीन काही सापडल्यासारखा आनंद झाला.

पाहुणे येत असणार, तिने ताडलं. सुनेच्या ऑफिसातले असतील. सासू ओट्याशी कशी काय आहे ते बघू देत की त्यांनाही.

मग बर्नरची भोकं टाचणीने मोकळी केली, बटणांच्या खाचांतलं चिकट टूथब्रशने काढलं. दुपारचं जेवण राहूनच गेलं. खांदा भरून आला, तरी तिने कोरड्या कपड्याने शेवटचा हात मारला. शेगडीत तिचं तोंड दिसायला लागलं.

"अजून हात चालतात म्हणायचं," ती त्या तोंडाला म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आणि सून एकदमच आले. त्यांच्यामागून खोकं घेऊन गॅसवाला आला. खोक्यातून काचेची नवीकोरी शेगडी निघाली.

"अगं बाई, नवी आणलीत? मग ही मला कशाला घासायला लावलीत?" ती हसत म्हणाली. "देऊन टाकणार आहात वाटतं कुणाला."

सून पिशव्या रिकाम्या करत राहिली.

गॅसवाल्याने नवी शेगडी जोडली आणि जुनी उचलली. "वा आजी, नव्यासारखी केलीत की. चला, ही मागच्या खोलीत लावून टाकतो. पाईप तर त्या दिवशीच टाकून ठेवलाय."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही बहिणीकडे गेला होतात ना, तेव्हा…" त्याने मुलाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. शेगडी छातीशी धरून तो आत गेला.

मागची खोली तिची होती. बहिणीकडे जाऊन ये, तेवढाच बदल, असं मुलानेच आग्रहाने म्हटलं होतं. आल्यावर तिला कपाट सरकवलेलं दिसलं होतं. झाडायला काढलं असेल, असं तिने धरलं होतं.

"तुझ्यासाठीच गं आई," मुलगा मोबाइलकडे बघत म्हणाला. "आमचं यायचं काही ठरलेलं नसतं. तू ताटकळत बसतेस. आता कसं, तुझ्या वेळेला तुझं तू करून घेशील."

"आणि तुमचं पथ्याचं," सून म्हणाली. "मला रोज दोन-दोन प्रकार नाही हो झेपत. भांडी काढून ठेवलीयेत मी तुमच्यासाठी. छोटी छोटी."

"म्हणजे चूल वेगळी केलीत."

"तू पण ना, आई! चूल कसली? साधी शेगडी तर आहे."

ती आत गेली. गॅसवाल्याने खोलीतलंच टेबल कपाटामागच्या जागेत ओढून घेतलं होतं. त्यावर शेगडी चकाकत होती. गॅसवाल्याने तिन्ही बर्नर पेटवून दाखवले, बंद केले आणि मान वर न करता निघून गेला. सुनेने मागोमाग येऊन छोट्या भांड्यांची टोपली खाटेवर ठेवली. तिने ती उचलून टेबलाखाली ठेवली आणि चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. काहीतरी बरं बोलावं असं त्याला वाटत असावं.

"रविवारी आम्ही तुझ्याकडे जेवायला येऊ हं," तो म्हणाला.

"या की," ती म्हणाली. "फक्त यायच्या आधी कळवा."

मुलगा मोठ्याने हसला. त्याच्यामागे उभी असलेली सून हसली नाही.